मीटर वाचणारी मागे बसते

अहो,

'प्रिय' लिहिलं आणि थांबले. पुढे काय लिहू? तुमचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही, ते आता कागदावर घ्यायचं का? म्हणून नुसतं 'अहो'. एवढ्यावर तुम्ही घरात कुठेही असलात तरी "आलो वं" म्हणायचात.

बाहेर पोर्चमध्ये रशीदभाई मिस्त्री बसले आहेत. हातात पाना, समोर तुमची फटफटी. प्रशांत तिच्याभोवती फेऱ्या मारतोय. आज मीटर काढायचं ठरलं आहे. हँडलच्या डाव्या बाजूला, उंच पट्टीवर, माझ्याकडे तोंड करून बसवलेलं ते वेगाचं मीटर काढायचं आणि परत हेडलाइटच्या डोक्यावर, कारखान्याने दिलं होतं त्या जागी, बसवायचं. रशीदभाईंनी पाना लावला आणि माझ्याकडे पाहिलं. "भाभी, खोलूं?"

मी म्हटलं, "थांबा. विचारून येते."

कुणाला, ते त्यांनी विचारलं नाही. मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि आत येऊन लिहायला बसले. बाहेरून प्रशांतची कुजबुज ऐकू येते आहे. त्याला वाटतंय आई रडायला गेली. मी रडायला आलेली नाही. मला उत्तर हवं आहे.

तुम्हाला आठवतं ना, आपलं लग्न ठरताना मी एकच अट घातली होती? हुंडा नको, मानपान नको, पण घरात फटफटी आणायची नाही. तुम्ही सायकलवरून मला बघायला आला होतात. अकोल्याला जठारपेठेत आमच्या दारात सायकल लावताना पायजम्याला लागलेलं वंगण लपवत होतात. तुम्ही लगेच "कबूल" म्हणालात. माझ्या बाबांनी तुम्हाला मिलिंदचं सांगितलं होतं. माझा धाकटा भाऊ. मित्राची फटफटी घेऊन गेला आणि बोरगाव मंजूजवळ संपला. मी तेव्हा कॉलेजात होते. पुढे सगळे विचारत राहिले, वेग किती होता? कुणालाच माहीत नव्हतं. मीटर फुटून गेलं होतं. मला तेच सहन होत नव्हतं. आकडासुद्धा कुणी पाहिला नाही!

आणि तुम्ही काय केलंत? प्रशांत चालायला लागला तेव्हा पाटबंधाऱ्याच्या कामाला तेल्हाऱ्याला गेलात आणि तिथल्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये, सरकीच्या पोत्यांमागून, ही विलायती फटफटी उकरून काढलीत. टाकीवरच्या बिल्ल्यावरचं नाव घासून गेलेलं, सीटमध्ये उंदरांचं बिऱ्हाड. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणलीत आणि दारात उभे राहिलात, चोरी पकडल्यासारखे.

"भंगारातून आनली वं. चालनार नाही ते. नुसती पाहाले."

खोटं! सहा महिन्यांत ती चालली. गल्लीतली सगळी पोरं मागे धावली. मी मात्र तुमच्याशी बोलणं बंद केलं. जेवायला वाढत होते, डबा देत होते, बोलत नव्हते. तुम्हीही मनधरणी केली नाहीत. तुम्हाला मनधरणी येतच नव्हती. रोज संध्याकाळी ओसरीत बसून काहीतरी घासत होतात. मग एका रविवारी मी स्वयंपाकघरात मसाल्याचा डबा उघडला तर हळदीच्या डबीचं झाकण नाही!

बाहेर येऊन पाहिलं तर ते फटफटीच्या डोक्यावर. हेडलाइटवरचं वेगाचं मीटर तुम्ही काढलं होतं आणि त्या भोकावर माझं हळदीचं झाकण घट्ट बसवलं होतं. मीटर गेलं होतं डाव्या हँडलवर, आरशाच्या दांडीसारख्या एका पट्टीवर, तेही तिरकं. चालवणाऱ्याकडे पाठ, मागच्याकडे तोंड. साडी नेसलेली बाई दोन्ही पाय डावीकडे सोडून बसली की तुमच्या खांद्यावरून जिथे बघेल, नेमकं तिथे.

"तुले इश्वास नाही ना माह्यावर? नको ठेवू. हे घे, काटाच तुह्याकडं केला. मले आता वेग दिसतच नाही. तू सांगशीन तेवढ्यानं चालवीन."

मी विचारलं, "आणि तुम्हाला काय दिसणार?"

"मले हे." हेडलाइटवर राहिलेला चार्जिंगचा बारका काटा तुम्ही बोटाने दाखवलात. "करंट माहा, वेग तुहा."

मी गणिताची शिक्षिका. मी म्हटलं, हे मूर्खपणाचं आहे, चालवणाऱ्याला वेग दिसलाच पाहिजे. तुम्ही म्हणालात, "तू दिसत नाहीस का मले? कानानं दिसशीन." आणि अहो, मी बसले. का बसले, ते आजवर सांगितलं नाही. माझ्या भीतीची कुणी समजूत घातली नव्हती असं नाही. बाबांनी घातली, आईने घातली, मैत्रिणींनी घातली. तिच्यासाठी जागा मात्र कुणी केली नव्हती. तुम्ही करून दिलीत, माझ्याच डबीचं झाकण चोरून.

तेव्हापासून अमरावती-अकोला. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, मग माहेर. पुढे टाकीवर प्रशांत, मध्ये तुम्ही, मागे मी. इंजिनाच्या आवाजात तुम्ही मान किंचित डावीकडे वळवायचात.

"किती?"

"तीस."

"किती?"

"चौतीस. कमी करा."

मीटर मैलांचं. तुम्हाला किलोमीटर सांगायला गेले तर म्हणायचात, "साहेबाची गाडी हाये, साहेबाच्या भाषेत बोल." चाळीस मैल ही माझी हद्द. त्या जुन्या मीटरचा काटा सरकत नसे, टक टक उड्या मारत पुढे जाई. तुमच्या त्या लांब करून आणलेल्या केबलमुळे तो थरथरायचाही. दोन उड्यांमधला आकडा मनात धरून खरा वेग सांगायला मी शिकले. शाळेत सहकारी बायका विचारायच्या, प्रवासात तुम्ही दोघं काय बोलता? काय सांगणार? ते विचारतात किती, मी सांगते इतके. तेवढंच बोलत होतो आपण. आता वाटतं, पुष्कळ बोलत होतो.

बोरगाव मंजू आलं की तुम्ही 'किती' विचारत नव्हतात. गाडी आपोआप हळू व्हायची, वीसवर यायची, आणि ते वळण मागे पडेपर्यंत तिथेच राहायची. एकदाही सांगावं लागलं नाही. त्यावर आपण कधी एक शब्दही बोललो नाही.

प्रशांतला तुम्ही ओसरीवर बसवून शिकवायचात ते मी आतून ऐकत असे. "दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आंधी मीटर पेट्रोलच्या टाकीवर राहे. साहेब मांडीत पाहून गाडी चालवे. रस्त्यानं म्हैस आली त साहेबाले पत्ता नाही! मंग कोनाले तरी अक्कल आली, ते वर घेतलं, हँडलच्या मधात. मंग हेडलाइटच्या डोक्यावर. जागा बदलत गेली, पन साऱ्यायनं चालवनाऱ्याचाच इचार केला. मांगं बसनारीचा कोनं केला?"

"तुमी केला," प्रशांत म्हणायचा.

"म्या नाही, तुह्या मायनं करायले लावला."

आणि तो जुन्या गाड्यांचा मेळा! आपल्याच अमरावतीत, मैदानावर. पुण्याहून आलेले ते टोपीवाले परीक्षक वाकून वाकून बघत होते. म्हणाले, "काका, गाडी सुरेख ठेवली आहे. पण मीटर चुकीच्या जागी आहे. बक्षिसात धरता येणार नाही."

"चुकीच्या कशी? वाचनारी मांगं बसते."

"अहो, पण ओरिजिनल गाडीवर ते तिथे नव्हतं."

"ओरिजिनल गाडीवर त हे बी नवती," तुम्ही माझ्याकडे हात केलात. "काढून टाकू का?"

सगळं मैदान हसलं. ते टोपीवालेही हसले. मी घरी येईपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. मला काय नट-बोल्ट समजता का, म्हणून भांडले. पण त्या रात्री भाकरी थापताना मला एकटीलाच हसू येत होतं, हे तुम्हाला कधी कळू दिलं नाही. आता घ्या कळून.

"आई, झालं का?" प्रशांतने दारातून विचारलं. मी म्हटलं, नाही झालं. रशीदभाई बाहेरून म्हणाले, "भाभी, इत्मिनान से. मेरेकू घाई नहीं." त्यांना दुसरा चहा दिला. तुमची गाडी त्यांनीच इतकी वर्षं जिवंत ठेवली, तेव्हा त्यांचं थांबणं मला समजतं. प्रशांतचं फेऱ्या मारणंही समजतं.

आता माझी तक्रार ऐका. वेग माझा, करंट तुमचा. ठीक. पण तुमचा करंट कमी होत होता, ते मला का सांगितलं नाहीत? जिना चढताना मधेच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतात. रोज तेच कॅलेंडर! मी म्हणायचे, तारीख पाठ होत नाही का? किक मारायला शेजारच्या पोराला हाक मारू लागलात आणि मला सांगितलंत, गुडघा दुखून राहिला. मी गुडघ्याला तेल चोळत बसले. तो काटा तुम्ही तुमच्याकडे तोंड करून ठेवला होता. मला मागून कसा दिसणार? दिवा लावला की काटा उण्यात जातो, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. मग तुमचा काटा उण्यात गेला तेव्हा तोंड का उघडलं नाही? काय, मी भ्यायले असते? मी जन्मभर भीतच आले, आणि तरी मागे बसत आले. एवढंही ओळखलं नाहीत?

दवाखान्यात त्यांनी तुमच्या छातीला तारा लावल्या. आकड्यांचा पडदा तुमच्या डोक्यामागे, उशीच्या वर. कुणी ठरवलं हो हे, की आजाऱ्याचं मीटर आजाऱ्याला दिसू नये? भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दिसायचं, फक्त तुम्हाला नाही. मी पलंगाच्या बाजूला स्टुलावर बसले होते, पाय डावीकडे. तुम्ही मान किंचित वळवलीत. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तरी कळलं.

"किती?"

अहो, हिरवा आकडा वर होता, नाडीचा. प्रशांत माझ्या मागे उभा होता. त्याने माझा खांदा दाबला. त्याचं म्हणणं मला कळलं: आई, काहीतरी चांगलं सांग. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, त्यांना ताण नको. मी आकडा बघितला. तो खाली येत होता. थरथरत होता, उड्या मारत होता. दोन उड्यांमधला मी मनात धरला.

"अडतीस."

तुम्ही हसलात. मास्कच्या आड, पण हसलात.

"मंग चाळीसच्या आत हाये ना. काहून रडून राहिली?"

त्यानंतर तुम्ही काही विचारलं नाहीत.

तुमच्या पुण्यानुमोदनाला किती लोक येऊन गेले. प्रत्येक जण माझ्याजवळ बसून धीर देत होता आणि मी मनात हेच मोजत होते, की खरं सांगितलं ते बरोबर केलं का? साठ म्हणायला हवं होतं का? सत्तर? तुम्ही थोडे निवांत गेला असता का? शाळेतल्या मुलींना मी आयुष्यभर सांगत आले, उत्तर खरं असेल तेच लिहा. पण परीक्षा वेगळी आणि तुमचं डोकं माझ्या मांडीपासून हातभर असणं वेगळं. कुणाला विचारू हे? ज्याला विचारायचं तोच गेला. मात्र एवढं मला पक्कं ठाऊक आहे, की मी साठ म्हटलं असतं तर तुम्ही ओळखलं असतं. माझा आवाज तुम्ही इतकी वर्षं ऐकलात, बघता काहीच येत नव्हतं तुम्हाला. त्या एका क्षणी तुम्हाला कळलं असतं की मागे बसलेली आता खोटं वाचते आहे. मग तुम्ही कुणाच्या भरवशावर गेला असता?

असो. मुद्द्यावर येते.

प्रशांत फटफटी अकोल्याला नेतो म्हणतो. जठारपेठेत त्याच्या घराला शेड आहे, ती तिथे नीट राहील. रविवारी चालवेल. इथे पोर्चमध्ये ती नुसती उभी आहे, टायर बसत चाललेत, आणि चादर काढून पुसण्याव्यतिरिक्त मला तिचं काही करता येत नाही. पण मीटर जागेवर घेतल्याशिवाय तो तिला रस्त्यावर काढणार नाही. मी चिडून म्हटलं, "तुझ्या बाबांनी उभं आयुष्य असंच चालवली."

तो म्हणाला, "आई, बाबांच्या मागे तू होतीस. माझ्या मागे कोण आहे? मी एकटा जाणार. तो रस्ता आता चौपदरी झालाय, ट्रक कसे येतात तू पाहिलंस. वेग मला कोण सांगणार?"

हे तर माझंच वाक्य. चालवणाऱ्याला वेग दिसलाच पाहिजे! मिलिंदनंतर मी हेच म्हणत आले आणि माझ्याच मुलाने ते मला परत दिलं. मीटर माझ्याकडे तोंड करून ठेवायचं तर त्याने न बघता चालवायचं. बोरगाव मंजूवरून. एकट्याने.

म्हणून तुम्हाला विचारायला आले होते. तुम्ही उत्तर देणार नाही, हे मला माहीत होतं. पण लिहिता लिहिता ऐकू आलं, ओसरीवरचं: "जागा बदलत गेली." टाकीवरून हँडलवर, हँडलवरून हेडलाइटवर, तिथून माझ्याकडे. कोण बसलं आहे, ते बघून जागा ठरते. एवढंच ना? मग आता कोण बसणार आहे, ते मला दिसतंय.

जाते बाहेर. पुढचं आल्यावर लिहिते.

काढलं. रशीदभाईंनी पट्टीवरून मीटर सोडवायच्या आधी त्याच्या काचेला हात लावला आणि तोच हात छातीला लावला. मी तिकडे बघितलं नाही. केबल जुनीच, आखूड करून लावली. म्हणाले, "अब काटा कम हिलेगा, भाभी." हेडलाइटवरचं झाकण निघता निघेना. निघालं तर खालून अजून थोडं पिवळं होतं. मी ते आत आणलं, घासलं आणि मसाल्याच्या डब्यातल्या त्या डबीवर बसवून पाहिलं. डबी अजून आहे, मी टाकलेली नाही, इतकी वर्षं वाटी पालथी घालून चालवलं. झाकण बसत नाही. भोकात जावं म्हणून तुम्ही त्याची कड कानशीने घासली होतीत. ना तिथलं राहिलं, ना इथलं. राहू दे तसंच, डबीच्या शेजारी. पट्टी मात्र हँडलवरून काढू दिली नाही. प्रशांत म्हणाला, "आई, रिकामी पट्टी कशी दिसेल?" मी म्हटलं, "दिसेल तशी दिसेल." रशीदभाई म्हणाले, "रहने दो, साहब की है."

मग प्रशांत सीटवर बसला, मीटरकडे बघितलं, आणि अगदी तुमच्यासारखी मान डावीकडे वळवून म्हणाला, "उद्या पहाटे निघतो. येतेस का मागे? अकोल्यापर्यंत? परत बसने सोडतो."

सून फोनवर म्हणाली, आई, या वयात! गुडघेही तेच म्हणतात. मी हो म्हटलं आहे. हेल्मेट घालणार आहे, उगीच काळजी करू नका.

उद्या पहिल्यांदा असं होईल की मी त्या सीटवर बसेन आणि मला आकडा दिसणार नाही. समोर रिकामी पट्टी आणि पोराची पाठ. तुम्ही काय करत होतात, ते मला उद्या कळेल. न बघता बसायचं, आणि जे ऐकू येईल ते खरं मानायचं.

म्हणून तुम्हाला शब्द देते. बोरगाव मंजू आलं की मी त्याचा खांदा धरणार नाही, हळू कर म्हणून ओरडणार नाही, डोळेही मिटणार नाही. मी त्याला फक्त विचारीन, "किती?" आणि तो जो सांगेल तो आकडा मी धरीन, तुम्ही माझा धरत होतात तसा, तो शेवटचा अडतीससुद्धा.

तुमच्या मागे बसलेली,
शोभा